पाव अंडी निळी होतात आणि तिथेच मरतात: उकाडा, रोग की वाणातच काही?

पडवीतलं_रेशीम

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलांना मेंडेल फळ्यावर शिकवून शिकवून मलाच कंटाळा आला, म्हणून घराच्या पडवीत रेशीमकिडे पाळायला घेतले. घाटावरच्या मैत्रिणीने बहुपिढी (वर्षात अनेक पिढ्या देणाऱ्या) वाणाचे थोडे अंडीपुंज (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) दिले होते, त्यांचीच पुढची पिढी, त्याच्या पुढची पिढी असं चाललंय. बाहेरून नवीन रक्त आणलेलं नाही, बहीण-भावांतच जोड्या लागतात. तुती कंपाउंडच्या कडेने जांभ्यात लावलीय, तरी वाढली बिचारी. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत (मुंग्या), वरून जुनी मच्छरदाणी (पाली).

अडचण अशी. या खेपेला काही पुंजांत अंडी सुरुवात तर छान करतात. आठव्या दिवसाच्या सुमारास प्रत्येक अंड्यात टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसतो, मग अंडं निळसर होतं, आणि त्यानंतर काही अंडी फुटतच नाहीत. भिंगाखाली फोडून पाहिलं तर आत पूर्ण घडलेली अळी गुंडाळून पडलेली. एक पुंज आम्ही नीट मोजला: ३८४ अंडी, त्यातली ९१ निळी होऊन मेली. पिवळी राहून चेपलेली, म्हणजे फलनच न झालेली, यात धरलेली नाहीत. त्याच्याच शेजारच्या पुंजात ४०२ पैकी फक्त ६ गेली. दोन्ही पुंज एकाच रात्रीचे, एकाच मांडणीवरचे.

आता मे महिना आहे. पडवीत दुपारी ३३ अंश. अंडी मी माजघरात दुहेरी माठात ठेवते, मधल्या जागेत ओली वाळू, तरी आतला पारा ३० च्या खाली उतरत नाही. सासूबाईंचं म्हणणं, "उकाड्याने माणसं टेकीला आलीत, तू किड्यांचं काय घेऊन बसलीस!" मुलं मात्र ९१ आणि ३८४ बघून ओरडली, "मॅडम, एक चतुर्थांश!"

मला त्या चतुर्थांशाची भुरळ पडू द्यायची नाहीये. पाव अंडी मेली म्हणजे मारक जनुक आहेच असं म्हणता येतं का? माझ्याकडे शाळेचा सूक्ष्मदर्शक, घरचा फ्रिज आणि उत्साही मुलं एवढंच आहे. एवढ्यात काय तपासता येईल?

कातळसडा

कोकणात रेशीम बघून बरं वाटलं, इथे लोकांना जालन्याचा कोष बाजार फक्त बातम्यांत दिसतो. माठाचं सांगतो. ही युक्ती देशावरची. ओल्या वाळूतलं पाणी उडालं तर गारवा येणार, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच पाण्याने भरलेली, उडणार कुठे? मी भाजीसाठी तसला माठ करून बघितला, भाजी उकडायची बाकी राहिली. अंडी २५ अंशाला ठेवायची असतात म्हणे. तुमची ३० च्या वर. उकाडाच आहे, दुसरं काही नाही.

ग्रेनेजवाले_काका

मॅडम, मोजलंत हे फार बरं केलंत. लोक "बरीच मेली" एवढं सांगतात आणि लगेच औषध विचारतात. माझी सगळी नोकरी घाटावर अंडी-उत्पादन केंद्रात गेली, आम्ही त्याला ग्रेनेज म्हणायचो. आता वेंगुर्ल्याला घरी असतो आणि हात शिवशिवतात, म्हणून जरा लांबण लावतो.

कातळसडा यांचं माठाबद्दलचं बरोबर, उकाड्याबद्दलचं मला पटत नाही. उकाडा सगळ्या मांडणीला सारखा लागतो. एकाच रात्री, एकाच जागी घातलेल्या दोन पुंजांपैकी एक जवळपास पूर्ण फुटतो आणि दुसऱ्यात पाव अंडी बसतात, तर पुंजाची हद्द उकाड्याला कशी कळली? पुंजाची हद्द म्हणजे एका आईची आणि एका बापाची हद्द. तेव्हा आधी आईबापाची चौकशी. त्यांच्याकडून अंड्यात दोन गोष्टी येऊ शकतात: रोग आणि जनुकं.

रोग म्हणजे पेब्रिन. नोसेमा बॉम्बिसिस नावाचा सूक्ष्म परजीवी आईच्या अंडाशयातून थेट अंड्यात उतरतो. पाश्चरने १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये यासाठीच एकेक मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची रीत बसवली, आणि आपण ज्याला रोगमुक्त अंडीपुंज म्हणतो ते आजही त्याच रीतीने. अंडी घालून झालेल्या माद्या टाकल्या नसतील तर एकेक स्वतंत्र खलात घोटा, पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात, आणि थेंब बघा. लंबगोल, चकाकणारे, एकसारखे दाणे दिसले तर ते बीजाणू. मग सगळं जाळायचं, मांडणी धुवायची, आणि माझं पुढचं वाचायचं नाही. पेब्रिनमध्ये पावाचा हिशेब सहसा लागत नाही. काही अंडी मरतात, फुटलेल्या अळ्या लहानमोठ्या होतात, कात टाकायला मागे पडतात.

माद्या स्वच्छ निघाल्या असं धरून पुढे जातो.

३८४ चा पाव ९६. तुमची मेली ९१. काय-वर्ग (अपेक्षित आणि मोजलेल्या आकड्यांतला फरक तपासायचा हिशेब) काढला तर ०.३५ येतो, आणि शंका घ्यायची हद्द ३.८४. म्हणजे पावाशी जुळतंय. आई आणि बाप दोघांकडे एकेक मारक प्रत झाकलेली असेल तर पाव पिल्लांना दोन्ही प्रती मारक मिळतात आणि ती मरतात. हे तुमच्या मुलांनी ओळखलंच. बहीण-भावांत जोड्या लावल्यावर झाकलेलं उघडं पडतं, तेही बरोबर.

पण हा पाव दुसऱ्या वाटेनेही येतो, आणि ती वाट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. लिंग ठरवणारी गुणसूत्रं माणसात नराकडे एक्स-वाय. रेशीमकिड्यात उलटं: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आता मारक जनुक झेडवर आहे असं धरा. मादीकडे झेड एकच, त्यामुळे झाकून ठेवायला दुसरी प्रत नाही. मारक झेड मिळालेली मादी अंड्यातच मरते. म्हणून जिवंत मादी ही या बाबतीत नेहमी निर्दोष. वाहक असतो तो नर. वाहक नर आणि निर्दोष मादी यांची जोडी लागली की मुलग्यांना आईकडून चांगला झेड मिळतोच, ते सगळे जगतात. मुलींना झेड फक्त बापाकडून, म्हणून निम्म्या मुली मरतात. निम्म्याचं निम्मं, पुन्हा पाव!

दोन्हीकडे मेलेल्यांचा आकडा सारखाच, त्यामुळे मेलेली अंडी कितीही मोजलीत तरी काही कळणार नाही. जगलेली मोजा. पहिल्या वाटेत जगलेल्यांत नर-मादी निम्मे-निम्मे. दुसऱ्या वाटेत दोन नरांमागे एक मादी.

कोषातून प्युपा काढून पोटाकडून बघायचा. मादीच्या आठव्या पोटखंडावर मधोमध फुलीसारखी रेघ असते, नराच्या नवव्यावर बारीक ठिपका. चार-दोन बघितले की मुलं तुमच्यापेक्षा भरभर करतील. वजनावर जाऊ नका, मादी जड असते हे खरं, पण भुकेली मादी आणि पोटभर खाल्लेला नर सारखेच भरतात. ३८४ वाल्या पुंजाचे आणि ४०२ वाल्याचे कोष वेगवेगळ्या चंद्रिकेवर (अळ्या कोष बांधतात त्या जाळीवर) बांधून घ्या. मिसळलेत तर सगळं पाण्यात.

त्यानंतर खरी परीक्षा. नर पतंग एकापेक्षा जास्त वेळा जोडी लावू शकतो, ग्रेनेजमध्ये आम्ही एक जोडी सुटली की नर ५ अंशाच्या आसपास थंड ठेवून दुसऱ्यांदा वापरायचो. संशयित पुंजातला एक नर घ्या. पहिली जोडी त्याच्या बहिणीशी, दुसरी अगदी परक्या वाणाच्या मादीशी. मारक जनुक साध्या, म्हणजे झेड-डब्ल्यू सोडून इतर, गुणसूत्रावर असेल तर परक्या मादीशी लावल्यावर मरणं थांबतं, कारण तिच्याकडे जोडीची मारक प्रत नाही. झेडवर असेल तर मादी कुठल्याही मुलखातली आणा, वाहक नराच्या पुंजात पाव अंडी मरणारच, आणि मरणाऱ्या सगळ्या मुली. असे बरेच नर लावावे लागतील, कारण सगळे भाऊ वाहक नसतात. झेडच्या बाबतीत निम्मे असतात, साध्या गुणसूत्राच्या बाबतीत तीनातले दोन.

इथे एक फसवी जागा आहे. बहीण-भावांच्या किती जोड्यांत मरणं दिसतं यावरून वाट ओळखायला जाऊ नका. झेड असेल तर निम्म्या जोड्यांत दिसेल, साधं असेल तर नवातल्या चार जोड्यांत. निम्मं आणि चार-नवमांश यांत फरक दाखवायचा तर पडवी पुरणार नाही, अख्खा वाडा लागेल.

आणि वाण फेकू नका. झेडवरचं मारक जनुक हे आमच्या धंद्यात सोनं मानलं गेलंय. सोव्हिएत काळात स्त्रुन्निकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने किरणोत्सर्गाने झेडवर वेगवेगळ्या जागी दोन मारक जनुकं तयार करून एक वाण बांधला. त्या वाणाच्या नराच्या एका झेडवर पहिलं, दुसऱ्या झेडवर दुसरं. दोन्ही एकमेकांना झाकतात म्हणून नर स्वतः जगतो. असा नर साध्या मादीला लावला की प्रत्येक मुलीला कुठलं तरी एक मारक मिळतंच, सगळ्या मुली अंड्यात मरतात आणि फुटतात ते फक्त नर. नराला पाला कमी लागतो, आणि कोषाच्या वजनात रेशमाचा वाटा मादीपेक्षा जास्त. पुढे चीनने हे काम बरंच उचललं. निम्मी अंडी मुद्दाम मारून नफा काढायचा, ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब जमतो.

पडवीतलं_रेशीम

काका, खूप आभार. तुमची पोस्ट छापून वर्गात लावली. माद्या टाकल्या नव्हत्या, मुलांनी काडेपेट्यांत पुंजाचा क्रमांक घालून ठेवल्या होत्या (त्यांना कुठलीच गोष्ट टाकवत नाही). संशयित पुंजांच्या आणि शेजारच्या सगळ्या माद्या घोटून पाहिल्या. बीजाणू नाहीत.

कोष झाले की आकडे घेऊन येते.

अठ्ठावीस_जोड्या

मी मूळचा सावंतवाडीचा, सध्या घाटापलीकडे रेशीमकिड्याच्या आनुवंशिकीवरच पीएचडी करतोय. काकांनी बहुतेक सगळं सांगितलंय. मला फक्त उकाड्याचा मुद्दा परत उघडायचा आहे, कारण कातळसडा यांना इतक्या लवकर निकालात काढू नये असं वाटतं.

रेशीमकिड्याच्या झेडवर, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, 'चॉकलेट' नावाचं एक जुनं उत्परिवर्तन आहे. साधी अळी अंड्यातून बाहेर येते ती काळी कुळकुळीत, ही येते तांबूस तपकिरी. आता गंमत बघा. ही तपकिरी अंडी २५ अंशाला उबवली तर फुटतात. ३० अंशाला उबवली तर फुटतच नाहीत. याच जनुकाचा दुसरा प्रकार आहे 'चॉकलेट-मारक', तो २५ अंशालाही फुटत नाही.

२०१० साली याचं मूळ सापडलं. ४,५०१ बॅकक्रॉस किडे (संकराची पिल्लं परत मूळ वाणाशी लावून मिळालेले) तपासून संशोधकांनी जागा सुमारे २ लाख ४० हजार बेसपर्यंत (डीएनएच्या अक्षरांपर्यंत) आवळत आणली आणि आत टायरोसीन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमचं जनुक निघालं. काळं रंगद्रव्य बनण्याच्या साखळीतली ही सुरुवातीची पायरी. जनुकाचं प्रथिन लिहिणारं अक्षर न् अक्षर शाबूत होतं. बिघाड होता शेजारी: साध्या चॉकलेटमध्ये जनुकाच्या अलीकडचा सुमारे ७० हजार बेसचा तुकडा जाऊन त्या जागी एक उडता डीएनए (गुणसूत्रांवर जागा बदलत फिरणारा तुकडा) येऊन बसला होता, आणि मारक प्रकारात दुसऱ्या जातीच्या उडत्या डीएनएचा मोठा तुकडा जनुक सुरू होण्याच्या तोंडाशीच घुसला होता. दोन्हीत जनुक जवळजवळ मुकं झालेलं. तपकिरी अळ्यांना एल-डोपा, म्हणजे हे एन्झाइम जो पदार्थ बनवतं तोच, खाऊ घातल्यावर त्या काळ्या झाल्या, म्हणजे साखळी कुठे तुटली तेही कळलं.

म्हणून "उकाडा की जनुक" असा प्रश्नच कधी कधी चुकीचा ठरतो. असा किडा महाबळेश्वरला सुखाने फुटेल आणि गुहागरला मे महिन्यात अंड्यात राहील. काकांचा पुंजाच्या हद्दीचा युक्तिवाद यालाही लागू पडतो: उकाडा सगळ्यांना सारखा, पण तो लागतो फक्त ज्यांच्याकडे ते जनुक आहे त्यांना.

तपासायचं कसं? जोडी सुटल्यावर मादीला जाड कागदावर अंडी घालू द्या. मग कागदाचे कात्रीने दोन तुकडे करा. एक तुकडा २५ अंशाला, दुसरा ३० ला. आईबाप तेच, अंडी त्याच रात्रीची, फरक फक्त पाऱ्याचा. पाव अंडी दोन्ही तुकड्यांत मेली तर जनुक हवामान बघत नाही. फक्त गरम तुकड्यात मेली तर बघतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, ५ अंशाला वाढ थांबते आणि वेगळाच गोंधळ होतो. थर्माकोलच्या खोक्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली आणि थर्मामीटर, बाटली सकाळ-संध्याकाळ बदलायची. पारा थोडा हलेल, चालतं. ओलावा ८० टक्क्यांच्या आसपास हवा, तो तुम्हाला फुकटच आहे.

मेलेल्या अळ्यांच्या रंगावरून "चॉकलेटच" असं लगेच म्हणू नका. आधी डोकं रंगतं, मग अंग. रंगायच्या आधी थांबलेली साधी अळीही तपकिरीच दिसते. झेडवर मारक जनुकं आणखीही असू शकतात. नाव द्यायचं तर ओळखीच्या चॉकलेट वाणाशी संकर करूनच.

मेलेल्या अळ्यांचे पाय मात्र जरूर बघा. सहाव्या गुणसूत्रावर 'ई' नावाचा जनुकांचा एक गट आहे. तो शरीराच्या कुठल्या खंडाने काय व्हायचं ते ठरवतो. त्यातल्या 'ई-एन' या प्रकारात या गटातली दोन जनुकं गायब असतात. दोन्ही प्रती तशा मिळालेला भ्रूण अंड्यात मरतो आणि त्याच्या पोटाच्या खंडांवर छातीसारखे टोकदार पाय उगवलेले असतात. 'ई-सीए' मध्ये एकच जनुक जातं, तेव्हा पोटाचे मऊ पाय येतच नाहीत. एकच प्रत असलेली ई-सीए अळी जगते आणि तिच्या पाठीवर चंद्रकोरीचे जादा डाग दिसतात. अशा दोन डागवाल्यांची जोडी लावली की पाव मरतात आणि उरलेल्यांत दोन डागवाल्यांमागे एक बिनडागी. तोही दोनास एक, पण डागांचा, नर-मादीचा नव्हे. अंडं गरम कॉस्टिक पोटॅशमध्ये बुडवलं की कवच सुटतं आणि भ्रूण अख्खा मिळतो. ते तुम्ही स्वतः करा, मुलांच्या हातात कॉस्टिक देऊ नका.

थोडी मेलेली अंडी अल्कोहोलमध्ये ठेवून द्या, वाळायच्या आत. वाळून चेपली की डीएनए सडतो. डब्ल्यू गुणसूत्रावरच्या खुणेसाठी पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखायची चाचणी) लावला की मेलेला नर होता की मादी ते कळतं.

पडवीतलं_रेशीम

पाऊस लागला, कोष झाले, आकडे घेऊन आले.

संशयित पुंज: २९३ अळ्या फुटल्या होत्या, २४१ कोषापर्यंत पोचल्या. नर १५८, माद्या ८३.
शेजारचा पुंज: ३९६ फुटल्या, ३१७ कोषापर्यंत. नर १५५, माद्या १६२.

वर्गात आरडाओरडा झाला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मुली मेल्या." मग एकदम गप्प झाले सगळे, आणि मग एक मुलगी म्हणाली, "पण चूक बापाची आहे, काकांनी लिहिलंय." तास तिथेच संपला.

पायांचंही पाहिलं. पुढे टोकदार, मागे मऊ, सगळं जागच्या जागी. रंगाबद्दल मुलांत दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही. एकीच्या वहीत हिवाळ्यातल्या पिढीबद्दल "काही अळ्या लालसर" अशी नोंद सापडली, किती ते लिहिलेलं नाही.

ग्रेनेजवाले_काका

१५८ आणि ८३. सुंदर. तरी आनंदाच्या भरात एक भोक राहू देऊ नका.

२९३ फुटल्या, २४१ मोजल्या. मधल्या ५२ अळ्या वाढताना गेल्या, त्या नर की मादी कुणी बघितलं नाही. समजा त्या सगळ्या माद्याच होत्या. मग १५८ नर आणि १३५ माद्या, आणि तुमचं दोनास एक गेलं समुद्रात. कुणी हटवादी माणूस हेच विचारणार.

उत्तर तुमच्याच दुसऱ्या पुंजात आहे. तिथेही ३९६ तल्या ७९ गेल्या, म्हणजे साधारण तेवढाच वाटा, आणि तरीही नर-माद्या सारख्या उरल्या. त्याच पडवीत, त्याच पाल्यावर अळ्यांची मर लिंग बघून होत नाही हे त्यावरून दिसतं. शेजारचा पुंज मोजलात म्हणून वाचलात.

तेव्हा माझं मत: झेड. मत म्हणतोय, निकाल नाही. निकाल परक्या मादीशी लावलेल्या नरांवर. वहीतल्या लालसर अळ्यांबद्दल मी काही बोलणार नाही, किती ते लिहिलेलं नाही म्हणजे नोंद नाही. पण कागद कापायची कल्पना झकास आहे, आमच्या वेळी कुणाला सुचली नव्हती.

अठ्ठावीस_जोड्या

काकांशी सहमत. आणि झेड निघाला तर तुमचं पुढचं पुष्कळ काम वाचतं. रेशीमकिड्यात २८ गुणसूत्रांच्या जोड्या. साध्या गुणसूत्रावरचं मारक जनुक असतं तर ते कुठल्या जोडीत आहे हे शोधण्यापासून सुरुवात. त्यासाठी आधी मादीकडून संकर करतात, कारण रेशीमकिड्याच्या मादीत गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतच नाहीत, अख्खं गुणसूत्र जसंच्या तसं पुढे जातं. मग प्रत्येक जोडीला एकेक खूण पुरते. जोडी कळली की नराकडून संकर, कारण अदलाबदल त्याच्यातच होते आणि नेमकी जागा त्यावरूनच आवळत आणता येते. झेडच्या बाबतीत नर-मादीच्या मोजणीनेच पहिला टप्पा संपतो. सत्तावीस जोड्या एका दुपारी बाद, त्याही प्युपा उलटे करून.

कातळसडा

मी उकाडा म्हणालो तो अजून पूर्ण बाद झालेला नाही, याची नोंद व्हावी.

ग्रेनेजवाले_काका

झाली नोंद. कागद कापल्यावर तुम्हीही बरोबर निघालात तर वेंगुर्ल्याला या, सोलकढी माझ्याकडून.

पडवीतलं_रेशीम

पतंग पुढच्या आठवड्यात बाहेर पडतील. ठरलंय ते असं. परक्या माद्यांसाठी मैत्रिणीकडून वेगळ्या वाणाचे कोष मागवलेत, ते इथल्यांच्या आसपासच फुटतील असा अंदाज. प्रत्येक नराला कागदी कपात क्रमांक. पहिली जोडी बहिणीशी, मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात विश्रांती, मग परकी मादी. बहिणीच्या पुंजाचा कागद कापून दोन तुकडे, परकीच्या पुंजाचेही. थर्माकोलचं खोकं मासेवालीकडून मिळालं, तीनदा धुतलं तरी बांगड्याचा वास जात नाही. काका, त्या वासाने अंड्यांना काही होईल का, की दुसरं खोकं बघू?

ग्रेनेजवाले_काका

दुसरं बघा. वासाचं मला एवढं नाही, पण त्या वासावर मुंग्या येतील.